एका बाजूचा दांडा

१६ मार्च, रविवार. चौल

जानेवारीत अलिबाग स्टँडसमोर वही घेतली, रोज लिहिणार म्हणून. हे पहिलं पान. मधल्या काळात वहीने डास मारले, चहाचा कप ठेवला, आत्याने एकदा गरम टोप ठेवला. कव्हरवर गोल डाग पडलाय. लिहीत नव्हतो कारण लिहिलं की दिसणार काय झालं नाही ते.

झालं नाही ते म्हणजे इंजिन.

लेले काका, पुण्याचे, आत्याच्या मागच्या खोलीत आठवडाभर राहिलेले पाहुणे, जाताना खोका ठेवून गेले. आत पितळेचे पातळ ताव. तावात इंजिनाचा एकेक भाग कोरलेला, जाळीसारखा, कडेला बारीक टाक्यांनी अडकलेला. कापायचा, दुमडायचा, सोल्डर मारायचा. शेवटी तळहातावर मावेल असं शंटिंगचं, म्हणजे यार्डात मालडबे पुढेमागे ढकलणारं इंजिन. काका म्हणाले, "माझे डोळे गेले आता. तू माझ्यासमोर पंखा उघडून नीट केलास, तुला जमेल." जमेल असं कोणी म्हटलं की मला लगेच कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

पण खोक्यावरचं चित्र. लांब नाक, मागे केबिन, चाकांना बाहेरून दांडा. वडिलांचं, तात्यांचं, कंपनीतलं इंजिन असंच होतं. लहानपणी एकदा केबिनमध्ये बसवलं होतं मला. समोरच्या फळीवर चहाचा ग्लास, काठोकाठ. तात्यांनी वाघिणींना, मालडब्यांना, इंजिन लावलं आणि ग्लासातला चहा हलला, सांडला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मी चहाकडे बघितलं की नाही, एवढंच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं असणार.

तात्या ३० एप्रिलला कंपनीतून रिटायर होणार. माझ्याशी बोलत नाहीत, दुसरं वर्ष. साहेबाच्या मागे लागून त्यांनी मला अप्रेंटिस लावलं आणि मी ते सोडून गोव्याला गेलो. त्याआधी आयटीआय अर्धं, त्याआधी बारावी अर्धी. पेणला घराच्या दारात उभं राहून म्हणाले, "एक गोष्ट पुरी कर. ती हातात घेऊन ये, मग दार वाजव."

तर ३० तारखेला इंजिन घेऊन जायचं. लिहून ठेवलं. आता पळता येणार नाही.

१८ मार्च

केबिन दुमडली. तुटली.

तावावर जिथे दुमडायचं तिथे अर्ध्या जाडीची रेघ कोरलेली असते. आयटीआयमध्ये पत्रा वाकवताना रेघ बाहेरून दिसायला हवी असं डोक्यात बसलेलं, तसंच केलं. कड्. दोन भिंती दोन हातांत.

ले. का. ना (लेले काकांना) फोन.
"रेघ आतल्या बाजूला ठेवायची असते. पहिल्या पानावर लिहिलंय. वाचलंस का?"
"वाचलं."
"खोटं बोलू नकोस. इंग्रजी अडतंय का?"
"थोडं."
"मग मोठ्याने वाच मला फोनवर."

वाचलं. प्रत्येक दुसऱ्या शब्दाला काका "अं?" करत होते. आत्या ओटीवर सुपारी सोलत बसलेली, हसून हसून अडकित्ता खाली ठेवला तिने. म्हणे, "शाळंत असा वाचला असतास तर आज बँकंत असतास."

२० मार्च

तुटलेली केबिन आतून सोल्डर मारून जोडली. म्हणजे जोडली असं मला वाटलं. पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं, सोल्डर नुसतं गोळी होऊन वर बसतं, चिकटत नाही. बोट लावलं, भिंत पडली. परत मारलं, पडली. जास्त वेळ धरलं तर शेजारचा जोड सुटला. एक बसवलं की दुसरं उठतं. मग लाईट गेली.

लाईट येईपर्यंत म्हणून रेवदंड्याला गेलो, हेम्याकडे. हेम्या होडीचं इंजिन उघडून बसलेला. त्याचं पुरं होईपर्यंत थांबलो. संध्याकाळ झाली. होडीचं इंजिन चालू झालं, मस्त. माझं तसंच.

हेम्या: "तुला मोठी इंजिनं जमतात रे. ते पोराटोरांचं खेळणं सोड."
"खेळणं नाय ते."
"मग काय हाय?"
सांगितलं नाही.

२७ मार्च

लिहिलं नाही. दिवेआगरला होतो. हेम्याच्या मामाकडे पंप बिघडलेला, एक दिवस म्हणून गेलो. पंप एका दिवसात झाला. मग वाडीत नवीन माड लावत होते, वादळात गेलेल्यांच्या जागी, तिथे खड्डे खणायला लागलो. मग एक जण म्हणाला श्रीवर्धनला चल. गेलो. का गेलो माहीत नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून स्वतःला शिव्या घातल्या. माझं हे असंच आहे. रस्ता दिसला की पाय आपोआप.

खोका उघडला तर ताव काळपट पडलेले. खारी हवा. उघडेच टाकून गेलो होतो खिडकीत.

२८ मार्च

चांगला दिवस! लिहायलाच हवा.

ले. का. नी सांगितलं तसं जाड टोकाचं सोल्डर आयर्न हेम्याकडून आणलं, होडीच्या वायरिंगचं. आधी जागा घासून चकचकीत, मग सोल्डर पसरावं म्हणून फ्लक्सची पेस्ट, मग टेकवायचं आणि मोजक्या सोल्डरने लगेच उचलायचं. सर्रकन पळालं जोडातून, पाण्यासारखं. केबिन उभी. लांब नाक उभं. खालची चौकट काटकोनात, काचेवर ठेवली तर डुगडुगत नाही. चाकं टाकून ढकललं, गडगडत गेलं टेबलाच्या टोकापर्यंत.

आत्याला दाखवलं. "भाऊच्या इंजिनासारखं हाय की रं," म्हणाली. भाऊ म्हणजे तात्या, तिचा धाकटा. मी कशासाठी करतोय ते तिला माहितीये, पण आमच्यात ते बोलत नाहीत. तिने एकदम नारळ फोडायला घेतला.

आता दुसऱ्या तावावरचे भाग. चाकांना जोडणारे दांडे, पायऱ्या, कठड्याचे खांब. उद्या कापतो.

२९ मार्च, शनिवार

काय लिहू.

सकाळी हेम्या हाक मारत आला, जिताडा मिळालाय, बघायला चल. गेलो. मासा बघायला! दुसरा ताव खिडकीत वाळत... नाही, वाळत पण नाही, नुसता ठेवलेला.

उद्या पाडवा. आत्याने घरातलं सगळं पितळ काढलेलं. समया, तांब्या, घंटा, गुढीवर घालायचा गडू. विहिरीच्या कट्ट्यावर आमसुलाचं पाणी आणि राख घेऊन बसलेली. त्यात माझा ताव. काळा पडलेला दिसला तिला. देवघराला लावायला नक्षीची जाळी आणलीय असं वाटलं म्हणे. नारळाच्या शेंडीने घासली. जोर लावून. ती घासते तेव्हा समईसुद्धा कण्हते.

आलो तर ताव उन्हात उभा करून ठेवलेला, सोन्यासारखा चमकतोय. आणि मधे भोकं. ज्या टाक्यांवर भाग अडकलेले असतात ते केसाएवढे. शेंडीने सगळे तोडले.

"आत्या, यातले तुकडे कुठेयत?"
"कसले तुकडे? व्हती तशी धुतली."
"हे बघ, इथे दांडा होता. इथे पायऱ्या."
"माझ्या हातनं काय पडलं न्हाय. जाळीला भोकं असतातच."

एक दांडा तावाला लोंबकळत होता, वाकडा. दुसरा नाही. पायऱ्या नाहीत. कट्ट्यावरचं पाणी पाटातून थेट माडाच्या आळ्यात जातं. आळ्यात चिखल, पालापाचोळा, राखेचा थर.

ओरडलो तिच्यावर. घर तिचं, जेवण तिचं, ओरडलो मी. ती समई पुसत राहिली. नंतर म्हणाली, "काळं पितळ सणाला घरात ठेवीत न्हाईत." एवढंच.

३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. गडू असा चमकतोय की बघवत नाही.

जेवणं झाल्यावर माडाचं आळं उपसलं. वाळू चाळायची मोठी चाळण शेजारून आणली. माती चाळायची, धुवायची, परत चाळायची. एक पायरी मिळाली. मग अर्धी. मग कठड्याचा खांब, सरळ! मग एक कुडी. मोत्याची, मळलेली. आत्याकडे नेली तर ती खालीच बसली. तिच्या लग्नातली, तिचे यजमान असताना हरवलेली. भांडी घासतानाच पडली असणार, तेव्हापासून माडाच्या मुळाशी. पदराने पुसत होती, रडत होती, हसत होती.

म्हटलं, "बघ, कट्ट्यावरून पडतं की नाही?"
लगेच डोळे कोरडे. "कुडी येगळी. ती येगळी गोष्ट हाय."

दांडा नाही मिळाला.

३ एप्रिल

ले. का.: "एक दांडा लावून चालव तात्पुरतं. चालेल."
चालेल, पण लंगडं. तात्या आधी तिथेच बघणार. दुसऱ्या बाजूला फिरवून बघणार. इंजिनाच्या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय ते केबिनमध्ये पाय ठेवत नाहीत, मी लहान असताना पाहिलंय. दांड्यावर हात फिरवायचे, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

नवा ताव मागवता येईल का विचारलं. बनवणारा माणूस परदेशात, त्याने धंदा बंद केला. "पण तू फिटर ना? कापून काढ," म्हणाले काका. अर्धा फिटर, म्हटलं.

९ एप्रिल

पितळ कुठून आणायचं एवढ्या जाडीचं. रेवदंड्यात भांड्यांच्या दुकानात विचारलं, तो म्हणतो ताट घ्या. परत आलो तर टेबलावर पितळेचं ताम्हण ठेवलेलं. कडेला चीर गेलेलं, आत्याचं जुनं. ती स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ करून: "तडकल्यालं देवाला चालत न्हाय. तुला चालत असंल तर घे."

सॉरी म्हणत नाही ही बाई. ताम्हण देते.

१२ एप्रिल

ताम्हण कापलं. पट्टी घासली. वाचलेला दांडा सरळ करून तिच्यावर ठेवला, टोकाने खूण केली, भोकं पाडली. बसवला. चाकं फिरवली. अर्धा फेरा झाला की अडकतं. भोक जरा मोठं केलं. फिरतं, पण एका जागी उचकी देतं. आणखी मोठं केलं. आता दांडाच हलतो, खुळखुळ.

परत दुसरी पट्टी.

१५ एप्रिल

तिसरी पट्टी. दुसरीबद्दल लिहीत नाही.

हेम्या येऊन बसला बघत. गप्प बसवत नाही त्याला.
"सुऱ्या, हा किती वेळ एकच काम करतोयस! तुला बरं नाय का?"
"गप."
"न्हाय, आय शप्पथ, आत्याला सांगतो मी. नजर लागलीय पोराला."

हसलो. पण खरंय. गेले काही दिवस कुठेच गेलो नाही. पालीला यात्रेकरूंच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर हवा होता, हेम्याने विचारलं, नाही म्हणालो. नाही म्हटल्यावर रस्ता चुकल्यासारखं. बसून राहणं मला असं लागतं, बुटात खडा असल्यासारखं. तरी बसलो.

२२ एप्रिल

मोटर बसवली. तार लावली. इंजिन चाललं! पण कसं. दोन पावलं नीट, मग अडकल्यासारखं, मग झटका. नाकावर पाण्याचं टोपण ठेवून बघितलं. सगळं पाणी टेबलावर. तात्यांचा ग्लास कुठे आणि हे कुठे.

ले. का. ना व्हिडिओ पाठवला. उत्तर: "तुझा दांडा आणि मूळ दांडा यांच्या भोकांतलं अंतर जुळत नाही. केसभर फरक असेल. केसभर पुरतो."

केसभर. माझं सगळं आयुष्य केसभराने... जाऊ दे. चौथी पट्टी. ताम्हणाची आता नुसती कड उरलीय.

२६ एप्रिल

उकाडा. घाम कानशीवर पडतो. चौथ्या पट्टीचं भोक तिरपं गेलं. कानस उचलून भिंतीवर मारली. पोपडा पडला. आत्या येऊन पोपडा झाडून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल

आत्या उद्या पेणला जाणार, तात्यांच्या निरोप समारंभाला. नवी साडी, मोत्याची कुडी. दुसरी कुडी जपून ठेवली होती इतकी वर्षं, एकटी. आता जोडी.

"चल संगं."
"इंजिन झालं नाही."
"त्याला तुला बघायचंय, इंजिन न्हाय."
"तसं म्हणाले ते?"
ती पिशवीत सुपाऱ्या भरत राहिली.

३० एप्रिल

सकाळी आत्याला एसटीत बसवलं. खिडकीतून हात केला तिने. मी इंजिन घेऊन गेलो होतो स्टँडवर, चपलांच्या खोक्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. तिला सांगितलं नाही. शेवटच्या क्षणी चढीन असं वाटलं होतं. कंडक्टरने घंटी मारली. खोका काखेत तसाच. गाडी वळणावर गेली तेव्हा पाय हलले, पण घराकडे.

पहिल्यांदाच असं झालं असेल की गाडी समोर उभी आणि मी चढलो नाही.

आत्ता कंपनीत शाल देत असतील त्यांना. कोणी भाषण करत असेल. तात्या जमिनीकडे बघत असतील.

दुपारी आळं परत उपसलं. काही नाही. गांडुळं.

१ मे

आत्या आली. पेढे, एक फोटो मोबाईलवर. तात्या शालीत, बारीक झालेत. मागे कंपनीचं नवीन इंजिन, त्याला बाहेरून दांडे नाहीत. जुनं कधीच भंगारात कापलं, म्हणाली. ते कापलं त्या दिवशी तात्या जेवले नव्हते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"माझं विचारलं?"
"न्हाय."
"काहीच?"
"जेवताना इचारलं, तो तुला त्रास देतो का. म्हटलं, देतो."

मग चहा गाळत होती, पाठमोरी, तेव्हा: "आणि म्या सांगितलं त्याला."
"काय?"
"की पोरगं इंजिन करत व्हतं आणि म्या घासून त्याचा दांडा हरवला. माझ्या हातनं गेला म्हणून."

माझ्यासमोर कधी कबूल केलं नाही तिने. त्यांच्यासमोर केलं.

"मग ते काय म्हणाले?"
"भात मागितला."

२ मे

काही केलं नाही. हेम्याचा फोन, उद्या पहाटे गाडी जातेय, पाच-सहा जण, थेट कर्नाटक, समुद्राच्या कडेकडेने. एक जागा आहे. परवापर्यंत नाही म्हटलं असतं. आता कशासाठी नाही म्हणू. तारीख तर गेली. पिशवी काढून खाटेवर ठेवलीय. भरली नाही.

३ मे, शनिवार

हेम्याची गाडी गेली. गेटवर दोनदा हॉर्न वाजवला त्याने. मी अंथरुणात. गेलो नाही याचं काही कौतुक नाही, उठायचाच कंटाळा आला.

चहा पिऊन बसलो. ताम्हणाच्या कडेतून एक पट्टी निघेल, शेवटची. ती कापायच्या आधी इंजिन उलटं करून ठेवलंय, चाकं वर. एका बाजूचा दांडा खरा, दुसऱ्या बाजूला मोकळ्या खुंट्या. असं उताणं पडलेलं बघवत नाही.

बाहेर आत्या रवा चाळतेय बहुतेक. खर खर खर. सकाळपासून पाहुण्यांची...

रवा नाही. आत्या तर स्वयंपाकघरात आहे, कुकरची शिट्टी झाली.

खिडकीतून बघितलं. माडाच्या आळ्यात कोणीतरी उकिडवं बसलंय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बूट कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवलेत, नवे, मोजे आत कोंबलेले. हातात शेजारची ती वाळूची चाळण. मातीची ढेकळं फोडून टाकतात, दोन्ही हातांनी हळू हलवतात, थांबतात, तोंड खाली नेऊन बघतात, परत. ग्लासातला चहा सांडणार नाही इतकं हळू.

तात्या.

या घरात आत्याचे यजमान गेले तेव्हा आले होते, त्यानंतर नाही. कंपनीतून रजा नाही, हेच उत्तर.

आत्या बाहेर गेली. "भाऊ! अरं, आत तरी ये आधी! पाणी तरी घे!"
वर न बघता: "कुठल्या बाजूचा गेलाय?"
"काय?"
"दांडा गं. डावा का उजवा?"
"मला काय म्हाईत! त्यालाच इचार."

आता दोघंही खिडकीकडे बघतायत. मी खाली वाकलोय, टेबलाच्या आड, वहीत लिहितोय. इंजिन उताणं. डावा गेलाय की उजवा, कुठून बघायचं, नाकाकडून की केबिनकडून, हे सुद्धा आत्ता सुचत नाहीये...